जा. आणि रा.

“अहो मामा, जा. म्हणजे जागा पक्की!” फुटबॉल क्लबच्या ऑफिसातल्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “आणि रा. म्हणजे राखीव. तुम्ही काय समजलात?”

मामांनी यादी पुन्हा डोळ्यांजवळ धरली. कोणीही समजलं असतं तेच ते समजले होते: रा. म्हणजे राहणार, जा. म्हणजे जाणार. खेळाडूंचे कपडे, बूट आणि कपाटं सांभाळण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, पण असला उन्हाळा त्यांनी पाहिला नव्हता. क्लब पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये चढला आणि कपड्यांच्या खोलीची पार धर्मशाळा झाली. आठ गेले, अकरा आले, एक तर सकाळी येऊन संध्याकाळी परत गेला. नावाच्या पट्ट्या लावून-काढून मामांच्या बोटांची सालं निघाली. आपला कोण, परका कोण, काही कळायला मार्ग नव्हता.

त्यात काल ही यादी आली. मामांनी इमानेइतबारे सगळ्या ‘जा.’वाल्यांची कपाटं रिकामी केली. त्यातल्या बहुतेकांनी आज येऊन आरडाओरडा केला, म्हणून तर चूक उघडी पडली. कप्तान मात्र कालच येऊन गेला होता. चौतीस वर्षांचा डावा बचावपटू, बारा वर्षं याच क्लबात. कपाटावर आपलं नाव नाही हे त्याने पाहिलं, सामान पिशवीत भरलं, “बरं मामा, येतो” म्हणाला आणि गेला. मामांना वाटलं, मॅनेजर साहेबांनी याला आधीच सांगितलं असणार.

मामा तडक त्याच्या घरी गेले. दार बायकोने उघडलं. कप्तान स्वयंपाकघरात बश्या कागदात गुंडाळत होता.

“अरे, घोटाळा झाला! माझ्या हातून. तुझी जागा पक्की होती. चल, आत्ताच्या आत्ता चल.”

कप्तानाने हातातली बशी खोक्यात ठेवली. “मामा, सकाळीच सही केली मी. खालच्या लीगमधल्या क्लबात. इथला करार तसाही संपलाच होता.”

“अरे, पण मला एका शब्दाने विचारायचं तरी!”

“काय विचारणार? या वयात आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तुमच्या तोंडून वदवून घ्यायचं जिवावर आलं.”

मामांना रडू फुटलं. “मी साहेबांना सगळं सांगतो.”

“खबरदार! नोकरी जाईल तुमची. मीच जातो म्हणालो, असं सांगा.”

“बारा वर्षं वाट बघितली हो त्याने, वर चढायची,” बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

मामांनी तसंच सांगितलं. बाकीची कपाटं धुवायला काढली होती, अशी थापही मारली. यादी बाईंनी लिहिलेली, त्यामुळे त्याही तोंडाला कुलूप लावून बसल्या. मामांना स्वतःची लाज वाटत होती आणि नोकरी वाचल्याचं हायसंही वाटत होतं. एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही कसं वाटतं, हे काही त्यांना उमगेना.

पहिल्या सामन्याला मैदान खच्चून भरलं. विसाव्या मिनिटाला नव्या डाव्या बचावपटूला चकवून समोरच्यांनी गोल केला आणि मामांच्या मागच्या स्टँडमध्ये शिव्या सुरू झाल्या. त्या नव्याला नव्हे, कप्तानाला.

“ऐन वेळी शेपूट घातलं! पळपुटा! पळपुटा!”

मामा बाकावरून उठले. कठड्यापाशी जाऊन त्यांनी दोन्ही हात वर केले.

“तो पळाला नाही! मी काढलं त्याला! मी!”

त्या गोंगाटात एक अक्षर कोणाला ऐकू गेलं नाही. सव्वीस वर्षं मुकाट बसलेला म्हातारा हात वर करून उभा राहिलेला पाहून लोकांना वाटलं, मामा टाळ्या मागताहेत. अख्खा स्टँड उठला. “मामा! मामा!” असा एकच गजर झाला.

मामा अजून ओरडतच होते.