सायखेड्याची बाग

सायखेड्याची दोन एकर द्राक्षबाग झुंबरबाईंच्या नावावर होती. नवरा गेल्यापासून तिचा कारभार थोरली लेक उज्वला नाशिकहून बघायची. आईनं तिला मुखत्यारपत्रच करून दिलं होतं. बँक असो, तलाठी असो, की डोळ्यांचं ऑपरेशन, धावायची उज्वलाच. धाकटी तेजस्विनी कळवणला राहायची. महिन्यातून एकदा यायची, आईच्या केसांना तेल लावायची, तिला हसवायची आणि जायची.

आईनं मृत्युपत्र बदलल्याचं उज्वलाला कळलं ते साक्षीदार म्हणून सही केलेल्या मामेभावाकडून, योगेशकडून.

"आधी निम्मी निम्मी होती ना?" तिनं विचारलं.

"आता अख्खी बाग तेजूला," योगेश चाचरत म्हणाला.

उज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी बाजारातून येताना आई तेजूला कडेवर घ्यायची आणि पिशवी उज्वलाच्या हातात द्यायची, तेही आठवलं.

मग तिच्या ध्यानात आलं, मृत्युपत्र चालणार आईच्या माघारी. मुखत्यारपत्र मात्र आजच चालत होतं, आणि त्यात विक्रीचाही अधिकार होता. आठ दिवसांत तिनं गिऱ्हाईक गाठलं. खरेदीखतासाठी आईचं आधार कार्ड लागणार होतं, म्हणून ती सायखेड्याला गेली.

झुंबरबाईंनी कशाला म्हणून न विचारता कार्ड काढून दिलं. उज्वलाला राहवेना.

"बाग तेजूला दिलीस, मग मुखत्यारपत्र माझ्याकडे कशाला ठेवलंस?"

झुंबरबाई दचकल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिचा नवरा धड कमवत नाय. अन् कारभार तिला जमतो व्हय? लय भोळी हाय ती."

"आणि मी?"

"तू तर माझा ल्योक हायेस."

हे कौतुक ऐकतच उज्वला पन्नाशीला आली होती.

"मला लेक व्हायचं होतं, आई."

तिनं कार्ड परत केलं, पर्समधलं मुखत्यारपत्रही पुढ्यात ठेवलं. "सोमवारी तेजूला घेऊन जा आणि हे रद्द कर."

"मग माझं कोण बघंल?" झुंबरबाई घाबरल्या.

"तिलाच विचार."

अंगणात येऊन तिनं गिऱ्हाइकाला फोनवर नकार कळवला.

पंधरा दिवसांनी तेजस्विनीचा फोन आला. "ताई, छाटणीला माणसं कुठून आणायची गं?"

उज्वलाला मजुरांच्या मुकादमाचा नंबर तोंडपाठ होता.

"ताई?"

"आईला विचार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.