भिंतीअलीकडचं वायफाय

चिमवेमवे वस्तीतल्या आमच्या रस्त्यावर इंटरनेटची तार आली, तेव्हा ती सगळ्यांत आधी घरात घेतली बाना लोंबेने. लोंबेची आई म्हणून बाना लोंबे. तिचं खरं नाव फक्त शाळेत चालायचं. ती प्राथमिक शाळेत शिकवते. त्या सुमारास तिला दुपारनंतर घरबसल्या शिकवण्याचं जादा काम मिळालं होतं. राजधानी लुसाकातल्या बड्या घरच्या मुलांना कॉम्प्युटरवरून गणित शिकवायचं. कंपनीच्या माणसांनी तार बैठकीच्या खोलीत आणून सोडली आणि सांगितलं, राउटर तुमचा तुम्ही आणा.

भिंतीपलीकडे बाना काटोंगो राहते. विधवा बाई, वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. सकाळी फाटकाशी बसून वितुंबुवा तळते, आणि अर्धा रस्ता ते गरम गोड गोळे चहाबरोबर खाऊनच कामावर जातो. तिच्या घरात भाचरं, पुतणे, नातवंडं अशी पोरांची नुसती रांग. कोण कुणाचं हे तिलाही कधीकधी आठवावं लागतं.

पूर्वी तिच्या मुलाने, काटोंगोने, सोल्वेझीच्या खाणीत नोकरी असताना आईला सिमकार्डावरचं वायफाय बसवून दिलं होतं. बाना लोंबे तेव्हा नोकरी सांभाळून पदवीचा अभ्यास करत होती. बाना काटोंगोने भिंतीवरून हाक मारली होती, "पोरी, तो डेटा विकत कशाला घेत बसतेस? आमचं घे की!" आणि पासवर्ड असा ओरडून सांगितला होता की कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही पाठ झाला. बाना लोंबेची सगळी पदवी त्या वायफायवर झाली. पुढे काटोंगोची नोकरी गेली, तो गावाकडे परतला आणि ते वायफाय बंद पडलं.

त्यामुळे तार आली त्याच दिवशी बाना काटोंगो म्हणाली, "बरं झालं बाई! आता आमच्या पोरांची सोय झाली. सारखी त्या दुकानाच्या पायरीवर बसलेली असतात फुकट रेंज चाटत."

बाना लोंबे हसली. पण मनात हिशेब सुरू झाला. एवढी पोरं एकदम फोन घेऊन बसली, तर तिच्या शिकवणीचं काय होणार? चित्र गोठणार, आवाज तुटणार, लुसाकाच्या आया तक्रार करणार. ‘दुपारी माझी शिकवणी असते, तेवढा वेळ पोरांना थांबवा’ एवढंच बोलायचं होतं. पण ज्या बाईचं वायफाय आपण वर्षानुवर्षं फुकट वापरलं, तिला आता अटी घालायच्या? जीभ उचलेना.

शनिवारी ती नवऱ्याबरोबर शहरात गेली. बाशी लोंबे, म्हणजे लोंबेचा बाप, खाणीत इलेक्ट्रिशियन. बाजाराजवळच्या दुकानात मिस जेरे नावाची न्गोनी मुलगी होती. न्गोनी आणि बेंबा या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची हा आमच्याकडे हक्कच.

"या या, बेंबा लोक! घासाघीस करायला आलात की घ्यायला?"

"उंदीर खाऊन झाले असतील तर माल दाखव," बाशी लोंबे म्हणाला.

"आमचे उंदीर परवडले. तुम्ही तर माकडं सोडत नाही." ती हसत हसत कामाला लागली. घर केवढं, भिंती कसल्या, फोन किती, कॉम्प्युटर किती, सगळं विचारलं. तिने आधी एक महागडा डबा दाखवला आणि स्वतःच बाजूला सारला. "हा तुम्हाला नको. हॉटेलवाले नेतात." मग दोन राउटर समोर ठेवले. एक काळा, चार अँटेनांचा. दुसरा पांढरा, साबणाच्या वडीएवढा.

"काळ्यावर सध्या सूट आहे. दोघांच्या किमतीत एका कोंबडीचासुद्धा फरक नाही. डोळे मिटून काळा घ्या. अख्खं घर, अंगण, वर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाईल."

"आणि हा?" बाना लोंबेने पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"हा एका खोलीचा. भाड्याच्या खोलीत राहणारी पोरं नेतात. विटांची भिंत आली की हा मान टाकतो."

बाशी लोंबेने काळा उचललाही होता. अँटेना वर-खाली करून बघत होता.

"पांढरा द्या," बाना लोंबे म्हणाली.

"मॅडम, अहो, फरकच नाही..."

"आम्हाला एवढा पुरे."

मिस जेरेने बाशी लोंबेकडे पाहिलं. त्याने काळा हळूच परत ठेवला. परतीच्या मिनीबसमध्ये त्याने आधी तिकिटाचे पैसे दिले. मग म्हणाला, "पुरे म्हणजे कुणाला पुरे?"

तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली.  त्याला कळलं होतं आणि त्याने चालवून घेतलं होतं.

संध्याकाळी बाना काटोंगो दोन पोरींना घेऊन हजर झाली. "आलं का यंत्र? बघू, बघू!" तिने तो पांढरा तुकडा तळहातावर घेतला. "एवढंसंच?"

"आत्ता एवढंच जमलं," बाना लोंबे म्हणाली. आणि कुणी मागायच्या आधीच तिने पासवर्ड सांगितला. पोरींच्या फोनमध्ये स्वतःच्या हाताने घालून दिला. हात असा मोकळा दाखवताना तिचे कान तापले.

पोरी पळत घरी गेल्या. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून ओरडा आला, "आजी, इथे काहीच येत नाही!" फोन वर धरून पोरं अंगणभर फिरली. एक पोरगा आंब्यावर चढला. तिथे म्हणे एक काडी दिसली आणि गेली.

बाना काटोंगो अजून बैठकीतच बसली होती. बाना लोंबेला वाटलं, आता ही चिडणार. पण तिने बाना लोंबेचा गुडघा थोपटला.

"तोंड कशाला पाडतेस, पोरी? परवडेल तेच माणूस घेतं. यात लाजायचं काय?"

त्या रात्री बाना लोंबेने ताटातला मक्याच्या पिठाचा न्शिमा तसाच झाकून ठेवला.

शिकवणी सुरू झाली. नेट छान चाललं. फक्त बैठकीच्या खोलीतच चाललं, म्हणून घरच्यांना तेवढा वेळ टीव्ही बंद करून परसात बसावं लागे. परसातून दिसायचं, की शेजारची पोरं पुन्हा दुकानाच्या पायरीवर जायला लागली आहेत. बाना लोंबेने परसातल्या खुर्चीचं तोंड फिरवून ठेवलं.

पुढच्या रविवारी चर्चनंतर बाना काटोंगो आली. तिच्या हातात चितेंग्यात, कमरेला गुंडाळायच्या छापील कापडात, बांधलेलं काहीतरी होतं. बाशी लोंबेही घरीच होता. तिने टेबलावर ठेवून गाठ सोडली. आत तिच्या मुलाचा जुना राउटर होता, धूळ पुसून, तेलाचे डाग खरडून चकचकीत केलेला.

"काटोंगोला फोन करून विचारलं. तो म्हणाला, यात सिम चालतं तशी तारही चालते. माझ्याकडे कपाटात नुसता निजलाय. तुझ्या त्या बारक्याने बिचाऱ्याने किती ओढावं? हा घे. पैशांचं काही बोलायचं नाही. मी चर्चमधल्या बायकांनाही सांगितलं, आमची टीचर कष्टाने वर येतेय, तिला हात द्यायला हवा."

 बाना लोंबेने राउटरला हात लावला नाही.

"बाना काटोंगो," ती म्हणाली, "पैशांचं नव्हतं."

"म्हणजे?"

"मोठाही तेवढ्यालाच होता. तुमच्याकडे पोचू नये म्हणून मी बारका घेतला."

बाना काटोंगो हसलीच आधी. थट्टा वाटली तिला. मग तिने बाशी लोंबेकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

"तुम्हालाही माहीत होतं?"

त्याने होकाराची मान हलवली.

"आमची पोरं झाडावर चढली होती," ती म्हणाली. तिचा तो मोठा आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे आमच्या रस्त्यावर कुणाला माहीत नव्हतं. "तू इथे बसून ऐकत होतीस."

"शिकवणी बंद पडेल अशी भीती वाटली मला. सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी पोरांच्या पाठीत चपला घातल्या असत्या, म्हटलं असतं, दुपारी टीचरच्या नेटला हात लावाल तर बघा. एवढंही तुला माझ्याबद्दल ठाऊक नाही?" तिने चितेंगे झटकून कमरेला गुंडाळलं. "मी चर्चमध्ये सांगून बसले."

ती गेली. राउटर टेबलावरच राहिला. तिने तो परत नेला नाही, आणि परत नेऊन द्यायचं बाना लोंबेला धैर्य झालं नाही. दोन दिवस सगळे त्याला वळसा घालून जेवत होते. शेवटी बाशी लोंबेने तार त्याच्यात खोचली. रेंज अंगणाबाहेर, भिंतीपलीकडे, न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली. बाना लोंबे मुद्दाम फाटकाशी गेली, वितुंबुवाच्या कढईसमोर उभी राहिली.

"पोरांना सांगा, आता येतंय. दुपारचा माझा वेळ सोडला तर केव्हाही."

बाना काटोंगोने झाऱ्याने गोळे उलटे केले. "सांगते, टीचर. तुम्हाला किती देऊ?"

‘तुम्हाला’ ऐकून बाना लोंबे काय घ्यायला आली होती तेच विसरली. कागदात बांधलेला पुडा घेऊन घरी आली. तो कुणी खाल्ला, तिला आठवत नाही.

पोरं वापरायला लागली. दुपारी एकही फोन चालू नसायचा, एकदाही नाही. लुसाकाच्या आया खूश होत्या. तिच्या वर्गात आणखी मुलं आली. बाना काटोंगोने कधी वाकडा शब्द काढला नाही, रस्त्यात कुणाला काही सांगितलं नाही. भेटली की हात छातीशी नेऊन नमस्कार करायची आणि पुढे जायची. भिंतीवरून हाक मात्र येत नव्हती.

पावसाळा संपता संपता एका सकाळी बाना लोंबे कपडे वाळत घालत होती. पलीकडच्या अंगणात कुणीतरी म्हातारीला फोन लावून दिला होता. समोर काटोंगो असावा, कारण ती पूर्वीच्या आवाजात ओरडत होती.

"दिसतोस, दिसतोस! बारीक झालास रे! ...हो, तोच तुझा डबा, टीचरच्या घरी लावलाय. ...छे, पैसे कसले घेतेय ती? चांगली आहे बाई. आपल्या पोरांचं फार करते."

बाना लोंबे ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिली. आपण इथे आहोत हे हिला ठाऊक आहे की नाही? भिंतीपलीकडून काही कळत नव्हतं. चादरीचं पाणी कोपरावरून तिच्या झग्यात उतरत होतं. आवाज होऊ नये म्हणून तिने बादलीसुद्धा हलवली नाही. फोन संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.