बाणाचा टेकू

“म्हणजे हे पडतं?” मोकलसाहेबांनी पुन्हा विचारलं.

“व्हय साहेब.”

“ऐन कामाच्या वेळी?”

“बाण सुटला का पडतो,” धोंडी म्हणाला.

मोकलसाहेब धाटावच्या एका कंपनीत वेल्फेअर ऑफिसर होते. कामाच्या वेळी पडणाऱ्यांबद्दल त्यांचा अनुभव चांगला नव्हता. टेबलावरचा तो बोटभर तुकडा त्यांनी पेनच्या टोकानं ढकलला. तो खटकन आडवा झाला. साहेब खुर्ची मागे घेऊन बसले.

टेबलावर टेकू दोन होते. धनुष्य ओढताना बाण पुढे ज्यावर टेकवतात, तो टेकू. एक जागच्या जागी ठाम उभा राहणारा. दुसरा दोरी ओढली की बाणाला उचलून धरणारा, आणि बाण सुटताक्षणी खाली पडून वाट मोकळी करणारा. दोन्ही अमेरिकेहून आले होते. प्लँट उभारायला आलेला एक अमेरिकन इंजिनिअर जाताना आपलं धनुष्य इथंच ठेवून गेला होता. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं आणि मधे तारा होत्या. सायकल दुरुस्त करायला घेऊन कुणीतरी अर्ध्यावर कंटाळावं, असं ते दिसायचं. टेकू तेवढा मोडलेला होता. तसं कळवल्यावर त्यानं दोन पाठवले. आवडेल तो ठेवा, दुसरा परत करा.

कंपनीला धनुष्य हवं होतं, कारण वार्षिक अहवालात ‘क्रीडा’ या शब्दाखालची जागा दरवर्षी कोरी जायची. तिरंदाज शोधायला मोकलसाहेबांनी बदली कामगारांची नावं चाळली. धोंडीच्या नावापुढं कासूजवळची आदिवासी वाडी दिसली आणि शोध संपला.

“तुमच्या रक्तातच असतं रे ते,” साहेब म्हणाले होते.

धोंडीच्या बापानं जन्मभर कोळशाच्या भट्ट्या लावल्या. धनुष्य त्या घरात फक्त कॅलेंडरवरच्या रामाकडे होतं. पण धोंडी “व्हय साहेब” म्हणाला, कारण साहेब पुढं म्हणाले, “जिल्ह्यातून निवड झाली की खेळाडू म्हणून तुला कायम करून टाकतो.”

बदली कामगारानं रोज गेटवर उभं राहायचं आणि आत कुणी आजारी पडलंय का, याची वाट बघायची. धोंडी बरीच वर्षं लोकांच्या तब्येतीवर जगत होता. एकदा साथ आली तेव्हा त्याच्या घरावर नवी कौलं चढली.

कँटीनच्या मागं पेंढ्याचं पोतं टांगून तो शिकला. मोडक्या टेकूच्या जागी तारेचा आकडा वाकवून लावला होता. आणि त्याला जमायला लागलं. रक्ताचा काही संबंध नव्हता, गेटवरून परत पाठवल्यावर दिवसभर दुसरं कामच नसायचं. नवे टेकू आल्यावर त्यानं दोन्ही लावून पाहिले होते. आता मीटिंग होती.

सेफ्टीवाले म्हणाले, पडणारी वस्तू आहे, तेव्हा हेल्मेट लागेल. स्टोअरवाले म्हणाले, पडून हरवली तर कुणाच्या नावावर टाकायची? युनियनचा शिवा तर उभाच राहिला.

“शेवटपर्यंत आधार द्यायचा आन् ऐन टायमाला काढून घ्यायचा? ही मॅनेजमेंटची आयडिया हाय! आमचा इरोध.”

“मॅनेजमेंटचाही विरोधच आहे,” मोकलसाहेब म्हणाले. असं एकमत कंपनीत बोनसवरही कधी झालं नव्हतं. मग त्यांना आठवलं, की बाण मारणारा माणूसही खोलीतच आहे. “तुला काय वाटतं रे?”

हा प्रश्न धोंडीला त्या कंपनीत कुणी कधी विचारला नव्हता. त्यानं आधी मागं वळून पाहिलं.

“साहेब, उभा ऱ्हातो त्याला बाणाची पिसं घासतात. मंग बाणाचं शेपूट हलतं, बाण वाकडा जातो. ह्यो पडतो म्हनून बाण सरल जातो.”

“म्हणजे काम नीट व्हायचं तर पडलंच पाहिजे?”

“त्यानं पडायचं साहेब. मी नाय.”

साहेबांनी पडणारा टेकू धोंडीकडं सरकवला. “ठीक आहे. पण तू निवडलायस, लक्षात ठेव.”

धनुष्य घरी न्यायची परवानगी मिळाली. वाडीच्या कडेला बांधावर पोतं लावून धोंडी बाण मारायचा आणि त्याची आई, गिरजाबाई, दारात बसून बघायची. तिला बाण कुठं लागतो ते दिसत नसे. जवळचं तेवढं दिसायचं.

“धोंड्या, ह्यो पडला रं.”

“पडायचाच, आये.”

“परत पडला.”

“आये, त्याचं कामच त्ये हाय.”

“पडायचं काम कोन देतो?” म्हातारी म्हणाली. “नोकरीच्या वस्तूनं असं पडू नाय. तुजा बापूस भट्टीवर असाच पडला. उभा व्हता आन् पडला.”

“आये, त्याचा न् ह्याचा काय संबंध?”

“मी कुटं म्हनते संबंध हाय? पडला, एवडंच म्हनते.”

दसऱ्याला तिनं धनुष्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. धोंडीला त्या दिवशी शिफ्ट मिळाली होती. सणाला बरेच लोक आजारी पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीनं धनुष्य जुन्या लुगड्यात गुंडाळून, गाठी मारून त्याच्या हातात दिलं. ते घेऊन तो कासूला गाडीत बसला आणि रोह्याला उतरला.

जिल्ह्याची निवड चाचणी शाळेच्या मैदानावर होती. मोकलसाहेब आधीच आले होते, कडक इस्त्रीत.

“सोडू नकोस!” ते ओरडले. “अनावरण प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते आहे. फोटोग्राफर येतोय.”

फोटोग्राफर यायला उशीर लागला. तोवर धोंडी लुगड्यातलं बाळ सांभाळावं तसा उभा राहिला. पंचांनी गुंडाळीतून बाहेर आलेलं चाक पाहून वाहन कुणाचं म्हणून विचारलं. खुलासा झाल्यावर त्यांनी त्याला ‘इतर’ गटात टाकलं. त्या गटात दुसरं कुणीच नव्हतं.

“म्हणजे आलाच की रे पहिला!” मोकलसाहेब म्हणाले.

“किमान गुण लागतात,” पंच म्हणाले.

शेवटी पाहुण्यांनी रेषेवरच गाठी सोडल्या, लुगडं बाजूला झालं, फोटो निघाला, टाळ्या पडल्या आणि शिट्टी वाजली.

धोंडीनं बाण लावायला घेतला आणि थांबला. टेकू उभा होता. तो पडू नये म्हणून काळ्या दोऱ्याचे वेढ्यावर वेढे देऊन, गच्च गाठ मारून त्याला बांधून टाकलं होतं. वर धावीर महाराजांचा अंगारा लावला होता.

त्यानं गाठीला नख लावलं.

“शिट्टी झाली,” पंच म्हणाले. “आता सामानाला हात लावायचा नाही.”

धोंडीनं वाकून दात लावले.

“दातसुद्धा हातातच धरतात.”

पहिला बाण पिसं घासून शेपूट हलवत निघाला आणि निशाणाच्या फळ्याशेजारून कुठंतरी गेला. दुसरा मंडपात शिरून सत्काराच्या शालींच्या गठ्ठ्यात घुसला. पाहुण्यांनी आपली शाल बदलून मागितली. तिसरा फळ्यावर लागला, पण शेजारच्या मुलीच्या. तिनं थँक यू म्हटलं. बाकीचेही असेच कुठंकुठं गेले.

गटात एकच स्पर्धक होता आणि तो हरला, असं पंचांनी जाहीर केलं. हे सांगताना त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

मोकलसाहेबांनी धनुष्य ताब्यात घेतलं. “मी म्हणत होतो, उभा राहणारा घेऊ. तूच हा पडणारा निवडलास.”

“साहेब, ह्यो पडलाच नाय.”

“मग तर आणखी वाईट. ज्या कामाला घेतला तेसुद्धा केलं नाही!” मग त्यांना दोरा दिसला. “हे कुणी बांधलं?”

धोंडीनं मैदानाच्या पलीकडं पाहिलं.

“मीच, साहेब.”

साहेबांनी धनुष्य काखेत मारलं. “बघू,” ते म्हणाले. “उद्या नेहमीसारखा गेटवर ये.”

तो वाडीवर पोचला तेव्हा गिरजाबाई दारात उभी होती. तिनं त्याचे रिकामे हात पाहिले नाहीत. तेवढं तिला लांबून दिसत नसे.

“पडला का रं?”

“नाय पडला, आये.”

“एकदापन?”

“एकदापन नाय.”

“मंग झालं,” म्हातारी म्हणाली. तिनं डोळ्याला पदर लावला आणि आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. घरात होती नव्हती ती साखर वाटीत घेऊन ती बाहेर पडली. “माझा धोंड्या परमनंट झाला गो,” असं पहिल्या दारात ऐकू आलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. धोंडी एकदा उठला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. दारादारांतून बायामाणसं त्याच्याकडं बघून हात वर करत होती. तोही हात वर करत होता.

सगळी वाडी फिरून ती त्याच्यापाशी आली. वाटी बोटानं पुसून काढत तिनं उरलेली चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली आणि समोर उभी राहिली.

त्यानं ती खाल्ली.