उसनवार मंडळाचा उंट

ज्या वर्षी काकूंच्या धाकट्या मुलीचे लग्न दोनदा पुढे ढकलावे लागले, त्या वर्षी माझा जन्म झाला. मी एक जुना लोखंडी पलंग आहे, मित्रांनो. आजारी माणसासाठी असतो तसला. उशाकडचे हँडल फिरवले की निजलेल्या माणसाची पाठ वर होते, पायाकडचे फिरवले की गुडघे. माझा रंग आता पुष्कळ ठिकाणी उडाला आहे, पण हँडले अजून कुरकुर न करता फिरतात.

लग्न पुढे गेले ते नवरीच्या वडिलांमुळे. ते पोस्टमन होते, आणि त्यांच्याइतका उंच माणूस त्या भागात दुसरा नव्हता. सायकलवरून पडून त्यांचा कणा दुखावला आणि ते अंथरुणाला खिळले. दुकानातला कोणताच पलंग त्यांना पुरेना, पाय बाहेर लोंबत. तेव्हा काकू कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेल्या. काकू शाळेचे गणवेश शिवत असत, त्यामुळे माप घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. नवऱ्याचे माप त्यांनी शिवणाच्या टेपने घेतले होते. वेल्डरने ते ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले.

"काकू, हे माणसाचं माप आहे की विजेच्या खांबाचं?"

"माणसाचंच आहे," काकू म्हणाल्या. "आणि वर वीतभर जास्त धर. त्यांना झोपेत पाय ताणायची सवय आहे."

असा मी झालो. मला घरी पोचवताना वेल्डर म्हणाला की पलंग करायला घेतला आणि उंट झाला. तेच माझे नाव पडले. पुढच्या खोलीत खिडकीशी मला ठेवले, आणि काकांचे पाय पहिल्यांदा अंथरुणात मावले. त्या दिवशी ते नुसते पाय ताणून पडून राहिले. महिन्याभराने लग्न त्याच खोलीत झाले. वेल्डरने हँडल फिरवून काकांना बसते केले, आणि त्यांनी माझ्यावरूनच लेकीला निरोप दिला. पुढच्या वर्षी एका सकाळी ते झोपेतच गेले.

माणूस गेल्यावर त्याच्या पलंगाकडे कोणी बघत नाही. माझ्यावर कपड्यांचे गठ्ठे येऊन पडले. काकांचे धाकटे भाऊ मागच्याच घरात राहत. काकू त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. तेही भावासारखेच उंच. एका कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. मला भंगारात द्यावे, खोली मोकळी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. काकूंना ते पटेना. गल्लीच्या टोकाला एका घरात म्हातारा बाप जमिनीवर निजून होता आणि त्याची मुलगी त्याला कुशीवर वळवताना स्वतःच कमरेत वाकली होती. इथे पलंग रिकामा आणि तिथे माणूस जमिनीवर, हे काकूंच्या डोळ्यांना खुपत होते. चार माणसांचे एक मंडळ काढावे आणि त्याने हा पलंग आजाऱ्यांना उसना द्यावा, असे त्यांनी मनाशी घेतले.

मग देऊन टाका त्यांना, विषय संपला, असे भाऊजी म्हणाले. मंडळ कशाला हवे?

"एकटीने दिला तर उपकार होतो, भाऊजी," काकू म्हणाल्या. "मंडळाने दिला तर नियम होतो. आणि द्यायचा नाहीच, उसना द्यायचा. उसनी साखर नेणारी बाई मान खाली घालते का? उद्या परत करणार असते ती."

तो म्हातारा बिचारा मंडळ उभे राहण्याआधीच गेला. काकूंच्या मनाला ते फार लागले. त्या दिवसापासून त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

मित्रांनो, लोकांना मंडळाची पाटी दिसते. पाटी लागायच्या आधी काय काय होते, ते मी पाहिले आहे, कारण ते सगळे माझ्यावरच झाले. मंडळाच्या नोंदणीला सात माणसे लागतात असे कचेरीत सांगितले. काकू, भाऊजी, धाकटी लेक, जावई आणि वेल्डर असे पाच झाले. सहाव्या नर्सबाई, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की ताप सुद्धा घाबरून उतरावा. सातवा माणूस मात्र मिळता मिळेना. जो तो म्हणे, काम फार चांगले आहे, मला तेवढे त्यात ओढू नका. शेवटी टेंपोवाला तयार झाला, भाषण करायला लावायचे नाही या अटीवर.

नाव ठरवायला एक आख्खा रविवार गेला. जावयांना भारदस्त नाव हवे होते. काकू 'उसनवार' सोडायला तयार नव्हत्या. कचेरीतल्या साहेबांनी ते नाव वाचून भाऊजींकडे असे पाहिले म्हणे, की भाऊजींना आपण कोणाकडून काही उसने घेऊन विसरलो आहोत की काय असे वाटले. मंडळाची मालमत्ता काय, असे त्यांनी विचारले. एक पलंग. आणखी? आणखी काही नाही. भाऊजी घरी येऊन हे सांगताना चिडलेले होते, बाकीचे सगळे पोट धरून हसत होते. भाऊजींनाच खजिनदार केले, राखायला खजिना नसला तरी. इकडे काकूंनी जाड रेक्झिनचे गादीचे आवरण शिवले, पुसता येईल असे. नर्सबाईंनी मला औषधाच्या पाण्याने सांध्यासांध्यातून धुतले. वेल्डरने हँडलांना तेल दिले. शिक्का आला, पाटी लागली, आणि मी खिडकीशी वाट पाहत उभा राहिलो.

पहिला आला सुतार. त्याच्या आईचे मांडीचे हाड मोडले होते आणि पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. त्याने माझे हँडल फिरवून पाहिले, सांधे हलवून पाहिले, मान डोलावली. मग जाता जाता विचारावे तसे विचारले, याच्यावर आधी कोण होते?

भाऊजी लगेच म्हणाले की एक पेशंट होते, खडखडीत बरे झाले.

"नाही," काकू म्हणाल्या. "माझे मालक होते. याच्यावरच गेले ते."

सुताराने हँडल सोडले. घरी विचारून येतो म्हणाला आणि गेला तो आलाच नाही. भाऊजींनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, तुम्हाला खरं बोलायची शपथ कोणी घातली होती? तो बिचारा न्यायला आला होता."

"आज खोटं सांगून दिला, तर उद्या शेजारीण त्याला खरं सांगेल. मग पलंगही परत येईल आणि आपला शब्दही."

दुसरी एक बाई आली, तिनेही तेच विचारले, तीही गेली. तिसऱ्याने तर उंबऱ्यातूनच विचारले. मंडळ सुरू होऊन सहा महिने झाले आणि मंडळाची एकुलती एक मालमत्ता जागची हलली नव्हती. जावई म्हणू लागले की गुंडाळावे आता. काकू शिवणयंत्रावर बसून ऐकत, पण त्यांचा पाय पायट्यावर थांबलेला असे. हे जमले नाही तर त्या म्हाताऱ्यासारखे आणखी कोण कोण जमिनीवर राहील, एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

बैठका मात्र चालू राहिल्या, दर रविवारी. खोलीत खुर्ची एकच होती, म्हणून सगळे माझ्यावर बसत. वेल्डर, टेंपोवाला, नर्सबाई, लेक, जावई, काकू. वाटाणे सोलत, चहा सांडत, एकमेकांची टर उडवत. मला सगळ्यांची वजने पाठ झाली होती. एकाचे सोडून. भाऊजी कधी माझ्यावर बसले नाहीत. दाराजवळची ती एकुलती खुर्ची त्यांची. कपड्यांचा गठ्ठा माझ्यावरून उचलायचा असला तरी ते लेकीला हाक मारत. मंडळातल्या कोणाच्या लक्षात आले नव्हते. काकूंच्या आले होते, पण त्याबद्दल त्या दिरापाशी कधी बोलल्या नाहीत.

एका रविवारी नर्सबाईंनी ठरवले की पलंग जाईल तेव्हा जाईल, पण निजलेल्या माणसाला न उठवता चादर कशी बदलायची, हे मंडळातल्या प्रत्येकाला आलेच पाहिजे. त्यासाठी पेशंट हवा. वेल्डर आडवा झाला, पण तो आखूड. एवढ्या लांब पलंगावर त्याचे काय शिकणार, असे बाई म्हणाल्या, आणि त्यांनी भाऊजींकडे बोट दाखवले.

भाऊजी म्हणाले, कंबर दुखते. बाई म्हणाल्या, मग तर निजाच. भाऊजी म्हणाले, आज नको. काकू उठल्या, उशी झटकून माझ्या उशाला ठेवली, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "निजा, भाऊजी. तुमच्याच भावाची जागा आहे. परक्याची नाही."

ते आले. आधी नुसते कडेला टेकले. मग आडवे झाले. त्यांचे पाय जिथे पोचले तिथेच काकांचे पोचत. बराच वेळ ते छताकडे पाहत राहिले, आणि मग मला कळले की त्यांनी पाय ताणले, अगदी भावासारखे. नर्सबाईंनी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवत चादर बदलून दाखवली. मग लेकीने बदलली, मग टेंपोवाल्याने. टेंपोवाल्याची चादर बदलून होईपर्यंत भाऊजी घोरायला लागले होते. त्यांना कोणी उठवले नाही. त्यांच्या पायांशी जी वीतभर जागा उरली होती, तिथे वाटाण्यांची परात ठेवून बैठक पुढे चालू राहिली.

तेवढ्यात दारात सुतार. त्याच्या आईच्या जखमा चिघळल्या होत्या, आणि या खेपेला तो काही विचारायला आला नव्हता. घोरणाऱ्या माणसाकडे पाहून तो हळूच म्हणाला, "उशीर झाला का मला? पेशंट आला वाटतं."

"पेशंट नाहीत," वेल्डर म्हणाला. "खजिनदार आहेत."

सुतार हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग म्हणाला, तुमचेच माणूस असे निजते, तर माझ्या आईला काय होणार आहे?

पण उंटाचे दुखणे लांबीत असते. सुताराच्या जिन्याच्या वळणावर मी असा अडकलो की वरचे लोक वर आणि खालचे खाली. सगळ्यांनी जोर लावून पाहिला. वेल्डर म्हणाला, याला मधोमध कापून बोल्ट लावले तरच हा जगात हिंडेल. आणि सगळे काकूंकडे पाहू लागले, कारण टेपने घेतलेले ते माप त्यांच्या नवऱ्याचे होते. काकूंनी माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला.

"काप," त्या म्हणाल्या. "पण लांबी कमी करू नकोस. उंच माणसंही आजारी पडतात."

जिन्यातच ठिणग्या उडाल्या आणि मी दोन तुकड्यांत वर गेलो. सुताराची आई माझ्यावर वळली, बसली आणि एक दिवस काठी घेऊन चालली. सुताराने मला परत आणले तेव्हा माझ्या कडेला पाणी ठेवायची एक सुबक फळी लागलेली होती, आणि तो स्वतः मंडळाचा आठवा माणूस झालेला होता.

त्यानंतर मी किती घरे पाहिली! जिने चढलो, बोळांतून आडवा गेलो, टेंपोत नाचलो. मंडळात आणखी पलंग आले, चाकांच्या खुर्च्या आल्या, कुबड्या आल्या. मला सगळे 'थोरले' म्हणू लागले. वाईट दिवसही आले. एका कापड दुकानदाराच्या घरी पेशंट बरा झाल्यावर मला गच्चीवर नेऊन ठेवले. माझ्यावर जुनी खोकी रचली, ऊनपावसात माझी हँडले गंजली. मित्रांनो, कोणी मुद्दाम वाईट वागले नव्हते. माझी गरज संपली आणि त्यांना विसर पडला, इतकेच.

मी गच्चीवर असतानाच काकू पडल्या. दुसरा पलंग त्यांनी घेतला नाही, ते सगळे कामावर होते. भाऊजी आता काठी टेकत, तरी दुकानदाराशी भांडायला निघाले. काकूंनी त्यांना बजावले की उसने मागायला जाताना भांडायचे नाही, चहा प्यायचा. म्हणून ते रोज जाऊन दुकानात चहा पीत बसू लागले. शेवटी दुकानदारानेच विचारले, रोज काय काम काढता? भाऊजी म्हणाले, वहिनी पडल्यात, जमिनीवर आहेत. त्या माणसाने दुकान उघडे टाकले, गच्चीवर धावला, आणि माझा उशाकडचा तुकडा स्वतःच्या खांद्यावरून आणला. वेल्डरने गंज काढला. काकू खिडकीशी माझ्यावर निजल्या. पाय पोचत नाहीत म्हणून हसल्या. त्या आजारपणात भाऊजी दिवसभर माझ्याच कडेवर बसून असत, खुर्ची असूनही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची उसनी वस्तू असेल तर ती पुसून, तेल देऊन परत करा. ती मिळावी म्हणून कोणीतरी जमिनीवर वाट पाहत असेल. आणि ती कोणाची होती ते खरे सांगा. आपल्याआधीही कोणी दुखणे सोसले होते हे कळले की माणूस घाबरतो, हे मी पाहिले आहे. नंतर त्याला त्याचाच धीर येतो, हेही पाहिले आहे.

सध्या मी एका बेकरीवाल्याच्या घरी आहे. त्याचे वडील हळूहळू उठून बसू लागले आहेत. मला न्यायला आला तेव्हा त्यानेही विचारले होते, याच्यावर आधी कोण होते? धाकटीने भाऊजींकडे पाहिले. भाऊजी माझ्या कडेवरून उठले, काठी सावरली, आणि कोणी सांगायच्या आत म्हणाले,

"पुष्कळ जण होते. बरेचसे उठून चालायला लागले, काही गेले. माझे थोरले भाऊ याच्यावर गेले, या धाकटीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी. आणि माझ्या वहिनी याच्यावर गेल्या, याच महिन्यात, गेल्या मंगळवारी पहाटे."