जित्याचं डेरगं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते, झोका घेते, आमरसात बुडवून मांडे खाते, चार दिवस सासूचं तोंड बघत नाही. मंजुळाबाई मात्र तीन आखाज्या माहेरी गेली नव्हती. बापानं गाडी पाठवली, भाऊ येऊन रुसून गेला, तरी ती हलली नाही. तिचा नवरा रुपचंद एकोणीसशे सोळा साली बसऱ्याच्या लढाईवर खेचरं हाकायला गेला होता. तो एखाद्या दुपारी दारात उभा राहिला आणि आपणच घरी नसलो तर त्याच्या पायावर पाणी कोण घालील, एवढाच तिचा घोर. आता असल्या बाईला शहाणी म्हणावं की खुळी, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पहिलं वर्षभर त्याची पत्रं आली. पुढची दोन वर्षं एक ओळ नाही. लढाई संपून सहा महिने झाले, दोंडाईच्याच्या टेशनावर आसपासच्या गावांतले लढाईवर गेलेले चारजण उतरून आपापल्या घरी गेले, पण रुपचंदचा ठावठिकाणा त्यातल्या कुणाला सांगता आला नाही.

तरी त्या वर्षीही मंजुळाबाईनं आखाजीसाठी घर लख्ख केलं. जमीन शेणानं सारवली, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात दिला, खाली गेरूचा पट्टा ओढला, आणि दाराच्या दोन्ही अंगांना बोटानं मोर काढले. एक मोर जरा कोंबड्यासारखा झाला, त्याला ती स्वतःच हसली. सणाच्या दोन दिवस आधी तिचा जेठ, रुपचंदचा थोरला भाऊ अभिमन, बाजारातून मडकी घेऊन आला. पितरांची घागर तर दरवर्षीच यायची. या वेळी घागरीच्या आत आणखी एक लहान मडकं होतं. ते डेरगं होतं. ज्या घरातलं माणूस त्या वर्षात गेलेलं असतं, त्या घरात आखाजीला घागरीशेजारी डेरगं भरून ठेवतात, म्हणजे मेलेल्याला पाणी पोचतं. या घरात तर वर्षभरात कुणी मेलं नव्हतं.

डेरगं सासूनं मागवलं होतं. भागाबाई वाईट नव्हती हो. पोटच्या पोराची वाट बघून बघून म्हातारीचं डोकं फिरलं होतं. तिला तीनदा स्वप्न पडलं, आणि ते ती सुनेजवळ बसून रडत रडत सांगायची.

"मना पोऱ्या दारमा उभा ऱ्हास, नि पानी मांगस."

जिवंत माणूस आईच्या स्वप्नात येऊन पाणी कशाला मागेल, हे अभिमननं तिच्या मनात पक्कं बसवलं. त्याचा डाव निराळाच होता. बापाची बारा एकर काळी जमीन दोघा भावांत. रुपचंद मेला असं एकदा गावात ठरलं, की त्याची बिनलेकराची बायको माहेरी धाडायला कितीसा वेळ? आईचं दुःख आणि थोरल्याची हाव एकाच मडक्यात भरली होती.

आखाजीच्या दिवशी सकाळी मंजुळाबाई परसदारी मांडे करायला बसली. चुलीवर पालथं घातलेलं खापर तापून लाल झालं होतं. मांडा लाटण्यानं होत नाही. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायची, पदरासारखी पातळ झाली की एका झटक्यात खापरावर टाकायची. त्यासाठी बांगड्या वर सारून ठेवाव्या लागतात. गावात तिच्यासारखा मांडा कुणाच्या हातचा होत नव्हता, आणि ते तिला ठाऊकही होतं.

अभिमन परसात आला. एका हातात डेरगं, दुसऱ्यात वरवंटा. मागे भागाबाई, डोळ्यांना पदर लावून. डेरगं भरायच्या आधी बांगड्या फुटायला हव्यात, बाई कुंकू लावून बसली असेल तर पाणी पोचायचं नाही, असं तो आईला सांगत होता. आईनं मान हलवली. मंजुळाबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. नऊ वर्षांच्या संसारात तिनं जेठापुढे तोंड उघडलं नव्हतं, त्याची सावलीसुद्धा तिनं ओलांडली नव्हती. आणि त्या जेठानं डेरगं खाली ठेवलं, वाकून तिचं मनगट धरलं.

तिच्या हातांवर मांडा पसरलेला होता. तो फाटून मातीत पडला. अभिमननं तिचा उजवा हात चुलीच्या कडेवर दाबला आणि वरवंटा घातला. पहिल्याच घावाला काचा मनगटात शिरल्या. रक्त पुरणाच्या परातीत उडालं. दुसरा घाव हाडावर बसला. ती दातांखाली पदर धरून बसली. उजवा हात मोकळा केला तसा तो डाव्याकडे वळला, आणि तिनं डोक्यावरचा पदर खाली टाकला.

"मन्या बांगड्यासले हात लावू नका. मना नवरा जित्ता शे."

भावजय आपल्याशी बोलली, याचंच अभिमनला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं असावं. मग त्यानं तिच्या थोबाडीत मारली आणि डावा हात पिरगळला. मंजुळाबाईनं रक्ताळलेल्या हाताशी डावाही हात हिसडून आणला, दोन्ही पंजांनी जळतं खापर उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. खापर फुटलं. कातडी जळल्याचा वास परसभर पसरला. तो गुरासारखा हंबरत खाली पडला, तरी ती थांबली नाही. हातात उरलेल्या तुकड्यानं तिनं डेरग्याचा चुरा केला, बारीक बारीक केला, इतका की भागाबाई मध्ये पडून तिचे हात धरू लागली.

अभिमनचा डावा कान गेला, गाल कायमचा आकसला. मंजुळाबाईच्या तळहातांची कातडी सोलून निघाली. जखमा भरल्या पण बोटं पुरती उघडेनात, आणि मांडा तिच्या हातून कायमचा सुटला. अंगात आलं होतं म्हणून गावानं तिला सोडून दिलं. तिनं परसात वेगळी चूल मांडली. डाव्या हातात सहा बांगड्या होत्या. उजव्या हातात तिनं पुन्हा सहा भरल्या.

आणि रुपचंद आला. खरंच आला! दिवाळीला दोन दिवस होते, मंजुळाबाई भिंतीला पांढरी माती लावत होती, आणि खाकी कोट घातलेला माणूस दारात उभा राहिला. तुर्कांच्या कैदेत होता, मग इस्पितळात. तिनं मातीचे हात तसेच ठेवून त्याच्या पायावर तांब्या ओतला आणि हुंदके देत हसली. भागाबाईनं पोराला चाचपून चाचपून बघितलं. त्या घटकेला तिच्याइतकं सुखी माणूस साऱ्या तालुक्यात नसेल.

अभिमननं त्याला ओसरीवर नेलं आणि चेहरा दाखवला. फार बोलला नाही, बोलायची गरजही नव्हती. रुपचंद आत आला तो कमरेचा पट्टा सोडतच.

"मना भाऊवर हात उचलस तू?"

भागाबाई आडवी आली, हिनंच तुला जित्ता ठेवला रे म्हणाली. त्यानं तिला बाजूला सारलं. पितळी बक्कल मंजुळाबाईच्या डोळ्यावर बसलं, मग तोंडावर, मग पाठीवर, मोजदाद उरली नाही. तुझे हात असे का झाले, एवढं तरी तो विचारील म्हणून ती वाट बघत होती. त्यानं विचारलं नाही. दमला तेव्हा थांबला, आणि जेवायला मांडे कर म्हणाला.

सकाळी शेजारणी हळदकुंकू आणि नारळ घेऊन ओटी भरायला आल्या. नवरा काळाच्या दाढेतून परत आलेला, अशा बाईची ओटी कोण भरणार नाही? रुपचंद ओसरीवर चहा पीत बसला होता. मंजुळाबाई दारात आली. एक डोळा मिटलेला, पुढचा दात पडलेला. पहिल्या बाईनं कुंकवाचं बोट पुढे केलं तसं तिनं कपाळ मागे घेतलं.

"मना नवरा मरी गया," ती त्याच्याकडे बघत म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर न सावरता माहेरच्या वाटेला लागली.