सरांचा उंचवटा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एक सरळ उतरती रेषा होती, तिच्यावर एका ठिकाणी छोटासा उंचवटा, आणि सगळे त्याच्याकडे टक लावून बसले होते. नवा कण! तोही नेमका तिथेच, जिथे सरांनी मरण्यापूर्वी सांगितला होता.

"सर गेले, पण शब्द खरा करून गेले," प्रयोगाचे प्रमुख म्हणाले. "आकडे येताना मला वाटलं, ते इथेच उभे आहेत." पहिल्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले. एरवी हेच दोघे दशांश चिन्हावरून हमरीतुमरीवर येत.

चाळणीवाल्याच्या अंगावरही काटा आला, पण वेगळ्या कारणाने. कणांच्या कोट्यवधी टकरींतून कामाच्या तेवढ्या निवडणारा प्रोग्रॅम त्याचा, म्हणून हे नाव. सर त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसत. पहिल्या वर्षाची मोजणी समोर ठेवून दोघे एकेक अट बदलून पाहत. उंचवटा वाढला की सर म्हणत, "ही ठेव." बसला की, "ही काढ."

जेवणाच्या सुट्टीत तो खोलीत गेला. सरांची खुर्ची अजून त्याच्या टेबलाकडे वळलेली होती. त्याने पहिलं वर्ष वगळलं आणि नंतरची दोन वर्षं त्याच चाळणीतून काढली. उंचवटा नाही. पुन्हा काढली. नाही. मागून कुणीतरी "ही ठेव" म्हणेल या धास्तीने त्याने वळून पाहिलं.

दारात काकू होत्या, सरांच्या पत्नी. चार वाजताची जाहीर घोषणा त्याच करणार होत्या. हातात भाषणाचा कागद होता. त्याने चाचरत सगळं सांगितलं.

"म्हणजे हे खोटं बोलले?"

"नाही काकू. ढिगात कुठेतरी चार दाणे योगायोगाने जास्त असतातच. आम्ही त्यांच्याच मापाची भोकं पाडली, आणि तोच ढीग पुन्हा चाळला. मग उंचवटा दिसणारच होता."

काकू सरांच्या खुर्चीत बसल्या. भाषणाच्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, "शेवटी शेवटी हे रोज विचारायचे, दिसला का. मी हो म्हणायचे. आता तू तरी हो म्हणू नकोस."

चार वाजता काकूंच्या जागी तो उभा राहिला. त्याने पहिल्या वर्षासकटची आणि त्याच्याशिवायची अशा दोन्ही रेषा शेजारी शेजारी दाखवल्या आणि एवढंच म्हणाला, की चाळणी आधी ठरवावी, मग नवा ढीग घ्यावा. सांगणारा माणूस कितीही मोठा असो, आणि आपला असो.

"मग सरांचं काय?" प्रमुखांनी विचारलं.

"त्यांना आता जाऊ द्या," काकू म्हणाल्या.