मोफत फोटो फक्त आईचा

फोटोच्या दुकानाची किल्ली उद्या नव्या मालकाकडे जाणार होती आणि थोरल्या लेकीला आज कसंही करून आईचा एक फोटो हवा होता. एकटीचा. सगळा संसार फोटोग्राफरबरोबर केलेल्या बाईचा एकटीचा एकही फोटो नाही, म्हणजे कमालच म्हणायची! पण आई कसली ऐकते? ती फडकं घेऊन रिकामी कपाटं पुसत होती. उद्या नवा मालक तोडून टाकणार ती कपाटं, बरं का!

"आई, बस ना गं पाच मिनिटं."

"आता या वयात कसले नखरे," म्हणत आईनं पुढचा खण पुसायला घेतला.

बाबा कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी केव्हाच हात टेकले होते.

थोरलीला आणखी राग येत होता तो वेगळ्याच गोष्टीचा. ती शाळेत असताना चौकात एक चकचकीत स्टुडिओ उघडला आणि यांच्या दाराशी चिटपाखरू फिरकेना. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी शक्कल लढवली. घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढा, एकट्याचा एक फोटो मोफत! पाटी लागली, गिऱ्हाइकं येऊ लागली. पण मोफतच्या खुर्चीत दर वेळी बसायचं कोण? एक तर घरचा कर्ता, नाही तर शेंडेफळ. बायका आपल्या पडद्याआड उभ्या राहून पोरांचे भांग पाडायच्या.

आईनं काही दिवस हे बघितलं आणि एका सकाळी ब्रश घेऊन ती स्टुलावर चढली. पाटीवर एक ओळ वाढवून मोकळी झाली. 'मोफत फोटो फक्त घरातल्या आईचा.'

"अगं, धंदा बुडवशील!" बाबांनी कपाळाला हात लावला.

"बुडू दे. तसाही तरंगतोय कुठे?"

आणि काय सांगावं, गर्दी उसळली! एक गृहस्थ हुज्जत घालायला लागले, बायकोऐवजी मीच बसतो म्हणून. आईनं त्यांना दार दाखवलं. संध्याकाळी ते मुकाट बायकोला घेऊन हजर. एका घरातल्या सासू-सुना, दोघीही 'आई मीच' म्हणून हटून बसल्या. आईनं विचारलं, "सकाळी आधी कोण उठतं?" सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि सून खुर्चीत जाऊन बसली. एकटा राहणारा एक कारकून तर घरमालकिणीलाच आई म्हणून घेऊन आला. म्हातारी लाजून लाल झाली होती. आईनं त्याला काही विचारलं नाही.

मांडीवर पोर नाही, शेजारी कोणी नाही. हातांचं काय करायचं तेच त्या बायकांना सुचायचं नाही. आई पुढे होऊन त्यांचे केस सारखे करायची, कानात काहीतरी पुटपुटायची आणि त्या खुदकन हसायच्या. नेमकं तेव्हा बाबा बटण दाबायचे. काय दिवस होते ते! आत पावडरचा वास, बाहेर ताटकळलेले नवरे, जेवायलाही फुरसत नाही. चौकातल्या स्टुडिओनं पुढे बॅगा विकायला काढल्या.

"मग तुझा का नाही काढत?" थोरलीनं तेव्हाही विचारलं होतं.

"योजना गिऱ्हाइकांसाठी आहे," आई म्हणाली होती. आज पुन्हा विचारलं तर तिनं तेच उत्तर दिलं आणि थोरलीचं डोकंच फिरलं.

"मग मी गिऱ्हाईक!" तिनं पर्समधून नोटा काढून टेबलावर आपटल्या. "घरच्यांचा एकत्र फोटो हवाय. बाबा, टायमर लावा आणि या इकडे. आणि नंतर मोफतचा राहता कामा नये. नियम हिनंच केलाय."

स्वतःचाच नियम मोडायचा कसा? आई फडकं घेऊनच येऊन उभी राहिली. तिघांचा फोटो झाला. मग थोरलीनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आई एकदाची खुर्चीच्या कडेवर टेकली.

बाबा कॅमेऱ्यामागे वाकले. एक डोळा मिटला. बटण मात्र दाबेनात.

"अहो, दाबा की! मान अवघडली माझी."

"थांब गं," बाबा म्हणाले. "आजवर तू कायम कॅमेऱ्याच्या या बाजूला. आज समोर बसलीयस, तर बघू दे की जरा."